सापाच्या पोटातली गाठ

कात्रजच्या सर्पोद्यानात अजगरासमोर उभी असलेली माणसं त्याच्या पोटाचा फुगलेला भाग दिसला की ठरलेलं वाक्य बोलतात, "काहीतरी गिळलंय बघ त्यानं." बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण तोच फुगवटा महिन्यानंतरही त्याच जागी, तेवढाच किंवा थोडा मोठा दिसला, तर सापाची देखभाल करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. भक्ष्य असतं तर पुढे सरकलं असतं, पचलं असतं. जागचं हलत नाही ते काहीतरी वेगळं आहे. ते नक्की काय, हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही.

साप म्हटलं की आपल्याकडे चावा, विष आणि नागपंचमी एवढ्यावरच बोलणं होतं. सापालाही गळू होतं, कर्करोग होतो, अंडी अडतात आणि त्यालाही भूल देऊन त्याचं पोट उघडता येतं, हे ऐकून भले भले चकित होतात. मला मात्र हा विषय फार महत्त्वाचा वाटतो. ज्या प्राण्याला आपण काचेमागे ठेवलं, त्याला रानात परत जाऊन मरण्याचीही मुभा उरलेली नसते. त्याच्या दुखण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली होते.

पुण्याला ही जबाबदारी नवी नाही. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये याच शहरात ७२ विषारी सापांच्या सोबत ७२ तास काढले होते. साप उगाच अंगावर येत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान सुरू झालं, त्यामागेही तेच होते. १९९९ मध्ये पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला हलवले गेले आणि सर्पोद्यान महापालिकेच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग झालं. देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांवर १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख आहे आणि पशुवैद्यक, दवाखाना, विलगीकरणाची सोय या गोष्टी संग्रहालयांना बंधनकारक आहेत. शहरात जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारं रेस्क्यू संस्थेचं केंद्र आहे. सातारा रस्त्याने तासाभरावर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासून आहे.

यात अलीकडे आणखी एका गटाची भर पडली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण, अजगर, मांडूळ असा देशी साप घरी बाळगता येत नाही. मात्र बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे परदेशी साप शहरांतल्या हौशी घरांत आले आहेत. अशा काही परदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंद करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२४ मध्ये केले. नोंद झाली तरी साप आजारी पडल्यावर न्यायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात रोजचा हात सापावर बसलेला नसतो.

रानातला साप सहसा म्हातारा होत नाही. मुंगूस, गरुड, रस्त्यावरची चाकं आणि माणसाची काठी यांतून वाचून वीस-पंचवीस वर्षं काढणारे थोडेच. बंदिवासात साप तेवढा सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीचं वय २०२० मध्ये किमान ६२ वर्षं असल्याचा अंदाज होता आणि त्या वर्षी तिने अंडी घातली. पंधराहून अधिक वर्षं ती नराच्या सहवासात नव्हती! एवढं आयुष्य लाभलं की म्हातारपणाचे आजारही आलेच. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये कर्करोगाच्या गाठी सर्वांत जास्त आढळतात त्या सापांमध्ये. मूत्रपिंड, आतडं, यकृत, रक्तपेशी, स्नायू, कुठेही त्या होऊ शकतात. त्यात बंदिवासातला साप हलतो कमी आणि खातो जास्त. त्याच्या अंगावर चरबी साठते, स्नायू ढिले पडतात. आपल्याकडचे कितीतरी पाळलेले साप लठ्ठ आहेत आणि मालकांना ती तब्येत वाटते.

पण पोटातली प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. मादीच्या बाबतीत पहिला संशय घ्यावा तो अडलेल्या अंड्यांचा. घालायला मऊ, दमट, आडोशाची जागा मिळाली नाही, अंगात ताकद नसली, एखादं अंडं वेडंवाकडं झालं, की पुढचं अंडं अडतं आणि मागची रांग थांबते. "आमच्याकडे नर नाहीच, मग अंडी कुठून?" असं विचारणाऱ्यांसाठीच सेंट लुईसचा दाखला वर दिला. नर नसतानाही मादी अंडी धरते आणि अडतेही. दुसरा संशय घट्ट झालेल्या विष्ठेचा. साप पातळ लघवी करत नाही. त्याची मूत्रपिंडं युरिक आम्ल बाहेर टाकतात, ते पांढऱ्या खडूसारखं दिसतं. पाणी कमी पडलं की या पांढऱ्या मळाचा खडा होऊन शेपटाजवळ अडतो. अशा सापाला कोमट पाण्यात बसवून आणि सलाईन देऊनही अनेकदा मोकळं करता येतं. या सापाला थेट टेबलावर घेणं चूकच.

तिसरा प्रकार पुवाचा, आणि तो माणसांच्या डॉक्टरांनाही बुचकळ्यात टाकतो. आपल्या अंगातलं गळू पिकतं, फुटतं, पू वाहून जातो. सापाचं गळू पिकून वाहत नाही. पू पातळ करणारी जी विकरं आपल्या पांढऱ्या पेशींत असतात, ती त्याच्या पेशींत पुरेशी नसतात. त्यामुळे त्याचा पू घट्ट, पिवळसर, थरांवर थर चढलेला गोळा होऊन बसतो आणि त्याभोवती जाड आवरण तयार होतं. त्याला नुसती चीर देऊन उपयोग नाही, कारण आतून काही बाहेर येतच नाही. रक्तातून गेलेलं प्रतिजैविकही त्या आवरणाच्या आत नीट पोचत नाही. हा गोळा आवरणासकट अखंड सोडवून काढावा लागतो. गारुड्यांकडून सोडवलेल्या नागांच्या जबड्यात असाच पू सापडतो, दात उपटल्याचा आणि तोंड शिवल्याचा तो परिणाम. तो पाहिल्यावर पुंगीच्या खेळाबद्दल कुणाला कौतुक वाटणार नाही.

बाकीच्या शक्यताही आहेतच. जठराच्या जागी, म्हणजे शरीराच्या मध्यावर, कायमची सूज आणि खाल्लेलं उलटून टाकणं, ही जोडी दिसली की क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीचा विचार करावा लागतो. त्यात जठराची भिंतच जाड होते, कापून काढण्यासारखी गाठ तिथे नसते. उलट हा साप दवाखान्यात इतर सापांजवळ ठेवला तर संसर्ग पसरतो. आणि गिळलेल्या भलत्याच वस्तू! ऑस्ट्रेलियात कोंबड्यांनी अंडी घालावीत म्हणून खुराड्यात ठेवलेले चार गोल्फचे चेंडू एका अजगराने अंडी समजून गिळले. करम्बिन अभयारण्याच्या दवाखान्यात ते शस्त्रक्रियेने काढले. २०२० मध्ये सिडनीत एका पाळीव अजगराने अख्खा टॉवेल गिळला, तो मात्र पोट न उघडता तोंडातून दुर्बीण घालून बाहेर ओढता आला. २०२३ मध्ये मंगळूरकडे जखमी अवस्थेत सापडलेल्या नागाच्या पोटात एक्स-रेमध्ये प्लास्टिकचा डबा दिसला आणि तो काढावा लागला. ज्या वस्तूला भक्ष्याचा वास लागलाय ती सापासाठी भक्ष्यच.

मग निदान कसं करायचं? पहिलं साधन साधं आहे, मोजपट्टी. सापाचे अवयव एकामागे एक अशा ओळीत मांडलेले असतात. जोडीचे अवयवसुद्धा शेजारी शेजारी नसतात. उजवं मूत्रपिंड पुढे, डावं मागे. बहुतेक सापांचं डावं फुप्फुस नाममात्र उरलंय किंवा नाहीच, अजगराला मात्र दोन्ही असतात. छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा सापाला नसतो. म्हणून नाकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी मोजायची आणि गाठ त्या लांबीच्या कितव्या हिश्श्याला आहे ते काढायचं. हृदय साधारण पहिल्या पाव हिश्श्याच्या आसपास. यकृत एक लांबट पट्टी, मध्याच्या आधीपासून मध्यापलीकडे. जठर मध्यावर. पित्ताशय, प्लीहा आणि स्वादुपिंड हे त्रिकूट साठ-सत्तर टक्क्यांवर. पुढे बीजकोश आणि मग शेवटच्या पाव भागात मूत्रपिंडं. समजा, मोजलेली लांबी दोन मीटर आहे आणि गाठ एक मीटर साठ सेंटिमीटरवर लागते. म्हणजे ऐंशी टक्के. तिथे जठर नाही, मग गिळलेल्या घासाचा प्रश्नच नाही. मूत्रपिंड, बीजांडं किंवा अडलेला मळ यांपैकी काहीतरी असणार. जातीनुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण शंकांची यादी निम्म्याने कमी होते.

दुसरं साधन बोटं. अनुभवी माणूस साप दाबून तपासत नाही. तो सापाला आपल्या ओंजळीतून पुढे सरकू देतो आणि पोटाखाली बोटं हलकी टेकवून ठेवतो. साप जातो, गाठ बोटांवरून जाते. ती कडक आहे की लिबलिबीत, एक की माळेसारख्या अनेक, आत सुटी हलते की बरगड्यांना चिकटलेली, हे त्या दोन-तीन सेकंदांत कळतं. अंडी असली तर ओळीने लागतात. नाग-घोणसाच्या बाबतीत ही तपासणी पारदर्शक नळीतूनच होते. सापाला त्याच्या जाडीची नळी दाखवायची, तो बीळ समजून आत शिरतो, शरीराचा पुढचा भाग आत गेला की नळी आणि साप एकत्र धरायचे. डोकं नळीत, बाकीचं अंग तपासायला बाहेर. ही नळी नसेल तर विषारी सापावर उपचार करायला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक्स-रे काढताना वेटोळं चालत नाही. साप सरळ करून तुकड्या-तुकड्याने चित्रं घ्यायची आणि प्रत्येक तुकड्याला खूण करायची, नाहीतर नंतर कुठला भाग कुठला ते कळत नाही. सोनोग्राफीत गाठ भरीव की पाण्याची, हे दिसतं. सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. आणि या सगळ्याआधी एक गोष्ट विचारायची, शेवटचं खाणं कधी झालं? बर्मी अजगराच्या हृदयाचं वजन भक्ष्य गिळल्यावर दोनच दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. यकृत आणि आतडंही असंच वाढतं. खाल्ल्या-खाल्ल्या तपासलेल्या सापाचा निरोगी अवयवसुद्धा सुजलेला वाटू शकतो.

शस्त्रक्रिया ठरली की सापाला आधी उपाशी ठेवतात आणि पाण्याची कमतरता भरून काढतात. रक्ताचा हिशेब फार काटेकोर. एक किलोच्या सापाच्या अंगात सगळं मिळून ५० ते ८० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाइतकं. त्यातलं थोडं सांडलं तरी सर्जनला ते मोजावं लागतं.

पूर्वी सापाला बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवून गारठवत आणि तो हलेनासा झाला की कापत. गारठलेला साप हलू शकत नाही, पण त्याला वेदना होत नाहीत असं नाही. ही पद्धत क्रूर म्हणून टाकून दिली गेली, आणि कुणी अजून सुचवत असेल तर तिथून साप उचलून दुसरीकडे न्यावा. आता शिरेतून भुलीचं औषध आणि मग श्वासनळीतून आयसोफ्लुरेन वायू, ही रीत आहे. सापाच्या श्वासनळीचं तोंड खालच्या जबड्यात अगदी पुढे असतं, भक्ष्य गिळतानाही श्वास घेता यावा म्हणून. त्यामुळे नळी घालणं सोपं जातं. अवघड पुढे आहे. साप श्वास रोखून धरू शकतो आणि भुलीत तर तो स्वतःहून श्वास घेतच नाही. मग मिनिटाला चार-सहा वेळा पिशवी दाबून त्याच्यासाठी कुणीतरी श्वास घ्यावा लागतो. सापाच्या शरीरात भूल डोक्याकडून शेपटीकडे उतरत जाते आणि उतरताना शेपटी आधी जागी होते. हृदयाचे ठोके डॉप्लरच्या यंत्रावर ऐकत राहतात. टेबलाखाली ऊब हवी, साधारण २८ ते ३० अंश. टेबल थंड राहिलं तर औषध अंगातून बाहेर पडत नाही आणि साप तासन्‌तास जागा होत नाही.

चीर पोटाच्या मधोमध देत नाहीत. पोटाखालचे रुंद आडवे खवले चालताना जमिनीवर घासतात आणि त्यांच्या मध्यरेषेला आतून मोठी शीर असते. म्हणून एका कुशीला, पाठीकडच्या लहान खवल्यांच्या पहिल्या-दुसऱ्या ओळींमधून चीर जाते. आणि ती खवला कापत नाही. दोन खवल्यांमध्ये मऊ त्वचेची जी फट असते, तिच्यातून पातं वळणं घेत पुढे सरकतं. पूर्ण झालेली चीर सरळ रेघ नसते, नागमोडी असते. त्याखाली बरगड्यांच्या टोकांना धक्का न लावता स्नायू बाजूला केले की पोकळी उघडते. चरबीचे पिवळे लांबट गोळे आधी समोर येतात, त्यांना हलकेच सारून गाठ शोधायची. पुवाचा गोळा असेल तर आवरण न फोडता सोडवायचा. एकाच मूत्रपिंडात गाठ असेल तर ते मूत्रपिंड काढता येतं, दुसरं काम चालवतं. अंडी असतील तर सापाची अंडनलिका लांब असल्यामुळे एका चिरेतून दोन-तीनच अंडी निघतात आणि कधी चिरा दोन-तीन ठिकाणी द्याव्या लागतात. काढलेला प्रत्येक तुकडा विकृतिशास्त्राच्या तपासणीला गेलाच पाहिजे. गाठ काढून फेकून दिली तर सापाचं पुढचं आयुष्य अंदाजावर चालतं.

शिवताना सगळा भार त्वचेवर असतो. सापाच्या त्वचेच्या कडा आत वळतात आणि आत वळलेल्या कडा जुळत नाहीत. म्हणून टाके असे घालतात की कडा मुद्दाम बाहेर उलटून राहतील. माणसाच्या पोटावरचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, सापाचे चार ते सहा आठवडे ठेवतात. एकदा कात टाकून झाली की मग काढणं अधिक सुरक्षित मानतात.

हे चार-सहा आठवडेच खरा उपचार आहेत, असं मी ठामपणे म्हणेन. सापाची जखम भरण्याचा वेग त्याच्या अंगाच्या उष्णतेवर ठरतो आणि ती उष्णता तो स्वतः तयार करत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. तशा थंडीत ऑपरेशन केलेला साप उबेशिवाय ठेवला, तर उत्तम टाक्यांखालची जखमही तशीच राहते, सडते. ऊब हवी, ती थर्मामीटर लावून मोजलेली हवी, आणि पिंजऱ्याचा एक कोपरा गारही हवा. खाली माती-भुशाऐवजी स्वच्छ वर्तमानपत्र. अंघोळीचं भांडं काढून प्यायचं लहान भांडं. वेदनाशामक द्यायलाच हवं. माणसाला लागू पडणारं मॉर्फिन काही सापांवर फारसं चालत नाही, त्यामुळे औषधाची निवड सापांचा अभ्यास असलेल्यानेच करावी. पहिलं खाणं लहान, आणि आतडं शिवलं असेल तर आणखी उशिरा. रोज भक्ष्य दाखवून "खातो का बघू" करणारी माया इथे घातक ठरते.

प्रत्येक गाठ काढावीच असंही नाही. रक्तातून पसरलेला कर्करोग, जठराच्या परजीवीने खंगलेला साप, अंगात मांसच न उरलेला म्हातारा अजगर, यांना टेबलावर घेणं म्हणजे त्यांच्या शेवटच्या दिवसांत भर टाकण्याऐवजी त्रासात भर टाकणं. अशा वेळी वेदनारहित मृत्यू देणारा पशुवैद्य मला शस्त्रक्रिया करणाऱ्याइतकाच मोठा वाटतो.

घरी नोंदणी करून साप ठेवला असेल तर एक वही करा. दर महिन्याला वजन, प्रत्येक खाण्याची तारीख, कात कधी टाकली, विष्ठा कधी केली, एवढंच लिहा. गाठ डोळ्यांना दिसायच्या आधी ती या वहीत दिसते, कारण वजन घटतं किंवा विष्ठा थांबते. सुजलेली जागा चोळू नका, तेल लावू नका, सुई खुपसून बघू नका. आणि अंगणात, शेतात, पार्किंगमध्ये गाठ असलेला किंवा जखमी देशी साप दिसला, तर त्याला हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.